हातमोजेवाला भिकाजी

पोलादपूर तालुक्यात लग्न ठरलं की मुलाचा बाप आधी मांडववाल्याला फोन करतो आणि मग बेंजो पार्टीला. हळदीला बेंजो नाही म्हणजे हळद झालीच नाही, असं मानणारा हा मुलूख. पार्ट्याही उदंड, वाडीगणिक एक. पण उमरठपासून वर कुडपणापर्यंत आणि इकडे महाडच्या गावागावांत कुणी म्हणालं की "मोजेवाली सांग रे," तर ती एकच, रावजीची 'नवतरंग बेंजो पार्टी'. आता या पार्टीत एकाच्याही हातात मोजा दिसत नाही. तरी नाव चिकटलं ते चिकटलं. नव्या पोरांना ते का पडलं हे ठाऊक नाही आणि जुन्यांपैकी कुणी आपण होऊन सांगत नाही.

पंचवीस वर्षं ही पार्टी पांढरे सुती हातमोजे घालून वाजवत होती. वैशाखातली दुपार, वर पत्र्याचा मांडव, खाली नाचणाऱ्यांची धूळ, आणि सहाजण मनगटापर्यंत मोजे चढवून घामाने निथळतायत. ड्रमवरच्या गणूच्या काठ्या मोज्यांतून निसटायच्या. रावजी स्वतः बेंजो वाजवायचा. तार छेडायला बोट मोकळं लागतं, म्हणून त्याने उजव्या मोज्याची दोन बोटं कात्रीने उडवली होती. पण लोकांना त्याचं भारी कौतुक. एखाद्या मोठ्या शहरातली पार्टी आणलीय असं वाटायचं. फोटोतही उठून दिसायचं.

हे मोजे आणले भिकाजीने. कॅसिओवर बसणारा तो भिकाजी. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, आपल्याकडे तो कॅसिओच. उंच, किडकिडीत, बोलणं मोजकं आणि सूर कानात पक्का. एकदा ऐकलेलं गाणं त्याला दुसऱ्यांदा ऐकावं लागत नसे. दिवसा महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत पॅकिंगला, आणि लग्नसराईत संध्याकाळी नि सुट्टीच्या दिवशी पार्टीत. कंपनीत जायला मिळालं तेव्हा पोरं पगार किती, ओव्हरटाइम किती हे विचारत होती. भिकाजीने एकच चौकशी केली, पॅकिंगला हातमोजे सक्तीचे आहेत ना. आहेत म्हटल्यावर त्याने दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात केली.

कारण भिकाजीच्या हातांवर कोड होतं.

पहिला डाग उमटला तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, तांदळाएवढा. त्याची आई गीताबाई मोठी खमकी बाई. तिने हाय खाल्ली नाही, पण उपायही सोडला नाही. दर रविवारी पोराला घेऊन सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जायची. कातडीचं काहीही असो, त्या पाण्याने जातं असं चार लोक सांगत होते. खरूज गेलेले कितीतरी होतेही. भिकाजी दोन वर्षं त्या पाण्यात हात बुडवून बसला. हात लालबुंद होऊन बाहेर यायचे आणि वाळले की डाग पुन्हा जिथल्या तिथे. पुढे डॉक्टरने सांगितलं की हा रोग नव्हेच, कुणाला लागत नाही, दुखत नाही, नुसता रंग जातो. गीताबाईला ते पटलं. वाडीलाही पटलं असं सगळे म्हणाले.

मग त्या वर्षीची चौदा एप्रिलची जयंती आली. वाडीतल्या विहारात कार्यक्रम झाला. भिकाजीनेच पेटी वाजवली, वंदनेला आणि गाण्यांनाही. छान झालं. नंतर पोरांच्या हाती लाडवाची ताटं दिली वाटायला. भिकाजी रांगेतून लाडू देत निघाला. एका बाईपाशी आला तेव्हा तिने त्याच्या हाताकडे पाहिलं, हसली आणि म्हणाली, ठेव रे बाजूला, मी मागाहून घेईन. पुढच्या दोघींनी तिचंच बघून तेच केलं. कुणी वाईट बोललं नाही. पण तिन्ही लाडू ताटातच राहिले आणि ते ताट घेऊन तो विहाराच्या मागच्या पायरीवर बसून राहिला. परक्या गावाने केलं असतं तर त्याला राग आला असता. राग कसा धरायचा हे त्याच्या घराण्याला चांगलं ठाऊक होतं. पण हे आपल्याच माणसांनी केलं, म्हणून त्याला लाज वाटली. त्या दिवसापासून त्याचे हात खिशात गेले.

मोठा झाला, कंपनीत लागला आणि हातांना मोजे मिळाले. पार्टीच्या पहिल्याच हळदीला तो कंपनीचे मोजे घालून आला. सगळा मांडव वाजणाऱ्या कॅसिओपेक्षा त्याच्या हातांकडेच बघत होता. पण त्याचं नशीब जोरावर. दुसऱ्या लग्नाच्या आधी रावजीनेच फर्मान काढलं की यापुढे अख्ख्या पार्टीने मोजे घालायचे, त्याने रुबाब येतो, भिकाजीने कंपनीतून सहा जोड आणावेत. भिकाजीला वाटलं, सुटलो. आपल्यावरचं लोकांचं लक्ष गेलं आणि कुणाला पत्ताही लागला नाही. रावजीच्या डोक्यात रुबाबाचं खूळ कुठून शिरलं हे त्याने कधी विचारलं नाही.

मोज्याने सूर मात्र बिघडायचा. जाड सुती बोट एका पट्टीवर मारावं तर शेजारचीही दबली जायची. हळदीच्या गोंगाटात ते खपून जाई. पुढे भिकाजी मुद्दामच जोराने, ठोकून वाजवायला लागला, आणि लोक म्हणायला लागले की ही त्याची स्टाईल आहे. ज्याच्या बोटांत लहानपणी विहार शांत करायची ताकद होती, तो माणूस पंचवीस वर्षं फक्त धांगडधिंगा वाजवत राहिला. बायको चंद्राला हे दिसत होतं. तिला लग्नाआधीच सगळं सांगितलेलं होतं आणि तिने त्यावर एकदाही नाक मुरडलं नव्हतं. घरात भिकाजी मोजे घालत नसे. पण कॅसिओ घरात नव्हता. तो रावजीच्या शेडमध्ये असायचा आणि तिथे माणसं असायची.

आणखी एक गोष्ट होती, ती त्याने चंद्रालाही कधी कारण देऊन सांगितली नाही. वीस मार्चची. भिकाजीचा आजा सत्तावीस साली तरुण होता आणि चवदार तळ्यावर गेलेल्या माणसांत होता. तळ्यात हात घातला, ओंजळ भरली आणि प्यालो, एवढंच तो सांगायचा, पण सांगताना दोन्ही तळहात पुढे करून दाखवायचा. त्यामुळे वीस मार्चला तळ्यावर जाऊन ओंजळ घेणं भिकाजीच्या घरात चुकत नसे. फक्त भिकाजी जायचा पहाटे. साडेपाचला, उजाडायच्या आत, गर्दी यायच्या आधी. मोजे काढून खिशात घालायचा, पायऱ्या उतरून ओंजळ घ्यायचा, हात पुसायचा आणि मोजे चढवून वर यायचा. नंतर ऊन होतं, रांग लागते, आपल्याला पार्टीला जायचंय, असं सांगायचा. ज्या तळ्यात हात घालण्यासाठी त्याच्या आजाने मार खाल्ला, तिथे हा हात लपवून जात होता. हे त्याच्या लक्षात आलं नसेल असं नाही. काही गोष्टी लक्षात आल्या तरी माणूस त्यांच्याकडे बघायचं टाळतो.

त्याची मुलगी निशा बावीस वर्षांची. बापाचा कान आणि आजीचा खमकेपणा घेऊन जन्मलेली. नर्सिंगचा कोर्स झाल्यावर ती पुण्याला एका संस्थेत जपानी शिकायला गेली. तिकडे म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला मुली लागतात, भाषा आली की घेऊन जातात. वाडीतल्या लोकांना आधी वाटलं की ही कायतरी फसवाफसवी असणार. पण दीड वर्षात पोरगी फोनवर घडाघडा बोलायला लागली, तेव्हा चंद्रा शेजारणींना बोलावून नुसतं ऐकवायची.

फेब्रुवारीत निशाने बापाला मोबाईलवर एक गाणं पाठवलं. भिकाजीने ते कंपनीच्या बसमध्ये कानात घालून ऐकलं. एका बाईचा आवाज आणि नुसता पियानो. ढोल नाही, ताशा नाही. सुरुवातीला सूर असे एकेकटे येत होते, पाऊस थांबल्यावर पत्र्यावरून थेंब पडतात तसे, मधे भरपूर जागा सोडून. मग ती बाई गायला लागली आणि शब्द एकही कळत नसताना भिकाजीने मान फिरवली. तो खिडकीकडे तोंड करून बसला. बस वसाहतीच्या फाटकात शिरेपर्यंत त्याने ते तीनदा ऐकलं. एकदा ऐकून गाणं पाठ होणारा माणूस तो.

रात्री त्याने फोन करून अर्थ विचारला. निशाने सांगितलं की एक मुलगी आहे, ती आपल्याच घराच्या दारात उभी आहे. आत दिवा लागलाय, ताट वाढलंय, पण ती आत जात नाही. कारण आत जी बसलीय ती पण तीच आहे आणि तिला ती आवडत नाही. बाकी सगळ्यांच्या घरी जाते, हसते, बोलते, पण स्वतःच्या घरी पाऊल टाकत नाही. मग एक दिवस थकते, चपला काढते, आत येते आणि म्हणते, ताडाइमा. घरात येताना तिकडची माणसं असं म्हणतात.

"म्हंजे आपण 'आलो गो' म्हणतो तसं?" भिकाजीने विचारलं.

"तसंच, पप्पा. फक्त ते ती स्वतःलाच म्हणते."

मग तिने कामाचं सांगितलं. संस्थेला प्रत्येक मुलीचा व्हिडिओ हवा होता. जपानीत आपली ओळख आणि सोबत आपल्याला येत असेल ते काहीतरी. निवड त्यावरून व्हायची. पंचवीस मार्च शेवटची तारीख. निशाला हे गाणं गायचं होतं आणि पियानो वाजवायचा होता तिच्या बापाने. बाकीच्या मुली मोबाईलवर तयार संगीत लावणार होत्या, पण तिला ते नको होतं. भिकाजी हो म्हणाला. लेकीला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तो रावजीच्या शेडमध्ये जाऊन बसायला लागला. आणि तिथेच घोडं अडलं. हळदीचं गाणं ठोकून वाजवता येतं, हे येत नव्हतं. एक सूर हलकेच दाबायला जावं तर मोज्यातलं बोट शेजारच्या पट्टीलाही उठवायचं, आणि त्या शांततेत तो दुसरा सूर कुणीतरी मधेच खोकल्यासारखा ऐकू यायचा. भिकाजीने आधी कॅसिओला दोष दिला. पट्ट्या झिजल्यात म्हणाला. मग पातळ मोजे आणून पाहिले. आठ दिवस झाले, दहा झाले. गणू मान हलवायचा. रावजी कोपऱ्यात बेंजोच्या तारा बदलत सगळं ऐकत होता. एक दिवस तो वर न बघताच म्हणाला, "गाणं लय चांगलं हाय, भिका. पण हे मोज्यातलं नाय." भिकाजी कॅसिओ बंद करून घरी निघून गेला.

निशा एकोणीसला घरी आली. वीस तारखेला पहाटे बापलेक नेहमीप्रमाणे तळ्यावर गेले. मंडपवाले अजून खुर्च्या मांडत होते. पुस्तकांच्या दुकानांवर ताडपत्र्या होत्या. भिकाजीने मोजे काढून खिशात घातले, पायऱ्या उतरला आणि ओंजळ ओठांना लावली. वळून पाहिलं तर निशा एकाच हाताने पाणी घेत होती, डाव्या. उजवा हात ओढणीत गुंडाळलेला.

"दोन्ही हातांनी घे गो," तो म्हणाला.

निशाने इकडेतिकडे पाहिलं. कुणी जवळ नाही अशी खात्री करून घेतली आणि ओढणी सोडली. बोटांच्या मुळाशी तीन पांढरे डाग आणि मनगटाच्या आत एक. भिकाजीला ती जागा, तो रंग, डागाची ती कडा, सगळं ओळखीचं होतं. कधीपासून, असं त्याने विचारलं. दिवाळीच्या आधीपासून, ती म्हणाली. डॉक्टरला दाखवलं होतं. मला जे सांगितलं तेच तुलाही सांगितलं असेल, एवढंच तो कसाबसा बोलला. ती हो म्हणाली.

मग तिने पायरीवर उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "पप्पा, तुमच्यातला एक जोड मला द्या. व्हिडिओत घालते. आमच्या पार्टीचा ड्रेस हाय असं सांगेन."

"आणि तिकडं गेल्यावर?"

"तेच तर. म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची, जेवण भरवायचं, हेच काम हाय ना सगळं. माझ्या हातचं कोण खाईल? मला वाटतं मी जातच नाय."

भिकाजीच्या एका हातात मोजा चढलेला होता, दुसरा मोजा तसाच धरलेला. त्याला विहाराची मागची पायरी दिसली, ताटातले तीन लाडू दिसले. पण त्याला खरा हादरा बसला तो दुसऱ्याच गोष्टीने. निशाला कुणी लाडू नाकारला नव्हता. पुण्यात कुणी तिला एका शब्दाने दुखावलं नव्हतं. तिने विचारलंच नव्हतं कुणाला. तिने लहानपणापासून वर्षातून एकदा या पायऱ्यांवर बापाला अंधारात ओंजळ घेऊन मोजे चढवताना पाहिलं होतं, तेवढं तिला पुरलं. पोरीला पेटी शिकवायची राहून गेली, पण हे मात्र नीट शिकवलं, असं त्याच्या मनात आलं. मोजे देतो असंही तो म्हणाला नाही आणि देत नाही असंही नाही.

घरी आल्यावर त्याने चंद्राला सांगितलं. चंद्राला निशाच्या हाताचं आधीच माहीत होतं. पोरीने शपथ घातली होती म्हणून ती गप्प राहिली होती. आता मात्र तिने नवऱ्याला चांगलंच फैलावर घेतलं. घरात येताना चपला काढता तसे तुम्ही मोजे काढता, बाहेर कधी काढलेत का, असं तिने विचारलं. पोरीने काय बघायचं आणि काय शिकायचं, हेही विचारलं. भिकाजीने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

रविवारी सकाळी व्हिडिओ काढायला सगळे रावजीच्या शेडमध्ये जमले. गणूने ड्रमवर वीट ठेवून तिला मोबाईल टेकवला. चंद्रा डबा घेऊन आली होती. निशाने लांब बाह्यांचा ड्रेस घातला होता आणि बाही बोटांपर्यंत ओढून धरली होती. मोबाईलमध्ये फक्त निशाचा चेहरा येणार होता आणि भिकाजीचे खांदे. हात दिसणार नव्हते, तसं बघूनच तो लावला होता.

भिकाजी कॅसिओसमोर बसला. पाण्याचा घोट घेतला. मग त्याने आधी उजवा मोजा काढला, नंतर डावा, आणि दोन्ही गुडघ्यावर ठेवले. बोटं टोकापासून पूर्ण पांढरी झालेली, मनगटाजवळ मूळचा काळसावळा रंग कुठे कुठे उरलेला. पंचवीस वर्षांत या शेडने ते हात पाहिले नव्हते. त्याने मान वर केली नाही. आता कुणीतरी काहीतरी म्हणणार, याची तो वाट बघत होता.

"गणू, पंखा इकडं कर रे," रावजी म्हणाला आणि चहाचा कप खाली ठेवला. बाकी कुणी हललंही नाही.

भिकाजीने वर पाहिलं. रावजी त्याच्या हातांकडे बघतही नव्हता.

"तुला ठाव व्हतं?" भिकाजीने विचारलं.

"येडा का खुळा तू? सवच्या कुंडात तुझ्या बाजूला कोण पवायचा? गीताकाकू तुला बुडवून ठेवायची आणि मी पाणी उडवायचो." रावजीने आपल्या खिशातून स्वतःचे मोजे काढले, दोन बोटं उडवलेले, घामाने पिवळे पडलेले. "पहिल्या हळदीला तू एकटाच हे घालून आलास. सगळा मांडव तुझ्याकडं बघत व्हता. मंग म्हटलं, सगळ्यांनीच घालू. कुणाकुणाकडं बघतील? नायतर मला काय हौस व्हती काय रे वैशाखात मोजे घालायची?"

पंचवीस उन्हाळे, सहा माणसं, निसटणाऱ्या काठ्या, कात्रीने उडवलेली बोटं, हे सगळं भिकाजीच्या डोळ्यांपुढे एकदम आलं. आपण एकटेच लपलो होतो असं त्याला वाटत होतं आणि पाच माणसं त्याच्याबरोबर मुकाट लपून राहिली होती. त्याचे डोळे भरून आले. ते त्याने पुसले नाहीत, कारण हात पट्ट्यांवर गेले होते.

पहिला सूर लागला. एकच. शेजारचा उठला नाही. दुसरा, मग तिसरा, मधे जागा सोडून. कातडीला पट्टी लागली की किती दाबायचं हे बोटाला सांगावं लागत नाही, ही गोष्ट तो विसरूनच गेला होता. चार ओळी वाजवून तो थांबला. लहानपणी विहारात पेटी वाजवणारा पोरगा या माणसाच्या आत इतकी वर्षं तसाच बसून होता, आणि आता त्याला कुणी ऊठ म्हणत नव्हतं. गणूने नाक ओढलं.

"गणू," भिकाजी म्हणाला, "मोबाईल जरा खाली घे. हात दिसूदेत."

निशा बापाकडे बघत राहिली. भिकाजी तिला चल म्हणाला नाही, बाही वर कर म्हणाला नाही. त्याने फक्त पुन्हा पहिल्या सुरावर बोट ठेवलं आणि थांबला. संगत करणारा गाणाऱ्यासाठी थांबतो तसा. निशाने बाही कोपरापर्यंत सारली, त्याच्या शेजारी स्टूल ओढलं आणि उजवा हात कॅसिओच्या कडेवर ठेवला, त्याच्या हातांच्या अगदी जवळ. मग गायली. आवाज दोनदा कापला, एकदा एक शब्द चुकलाही. पण व्हिडिओ दुसऱ्यांदा काढू असं कुणीही म्हटलं नाही. शेवटच्या ओळीला पियानो थांबतो आणि बाई नुसतं बोलते. निशा बोलली, ताडाइमा. भिकाजीने तिच्याकडे न बघताच मान हलवली.

पुढचं इथेच थोडक्यात सांगितलेलं बरं. व्हिडिओ गेला. एप्रिलात तिकडच्या लोकांनी मोबाईलवरून मुलाखत घेतली तेव्हा निशाने आपल्या हाताचं त्यांना आपणच सांगून टाकलं, त्यांनी विचारायच्या आधी. त्यांनी ऐकून घेतलं आणि पियानो कुणी वाजवला हे विचारलं. थंडी सुरू व्हायच्या सुमाराला ती गेली. पार्टीने ते मोजे पुन्हा घातले नाहीत. भिकाजीच्या हळदीच्या गाण्यांत आता मधेच एखादा सूर इतका हलका लागतो की नाचणारी माणसं क्षणभर ठेका चुकतात, आणि रावजी त्याच्यावर डोळे वटारतो.

पण त्या रविवारी शेडमध्ये अजून जेवण व्हायचं होतं. चंद्राने डबा उघडला. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. निशा सवयीने मागे सरकली. दिवाळीपासून घरी आली आणि कुणाला वाढायची वेळ झाली की ती अशीच मागे सरकत होती. चंद्राच्या ते लक्षात आलं होतं, भिकाजीच्या आज आलं.

"पुढल्या वीस मार्चला मी दुपारचा जाणार, रांगेत," तो म्हणाला. "तू नसशील, पण मी जाणार. आता मला भरव."

"पप्पा, सगळे बघतायत."

"बघूदेत. तिकडं म्हातारी माणसं जेववायची हायत ना तुला? पहिला म्हातारा मी."

निशाने भाकरीचा तुकडा मोडला. चटणीला लावला. तिच्या बोटांच्या मुळाशी ते तीन डाग खिडकीतल्या उन्हात स्पष्ट दिसत होते. भिकाजीने तोंड उघडलं. घास घेतला आणि सावकाश चावून खाल्ला, सगळ्यांना दिसेल असा. तेवढ्यात रावजी बेंजो बाजूला सारून पुढे येऊन बसला.

"दुसरा नंबर माझा हाय गो," तो म्हणाला आणि त्यानेही तोंड उघडलं.